दर्यावरची दिशा आणि साद : मच्छीमार बोटीवरील इलेक्ट्रॉनिक साधने

पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आणि अर्नाळा येथील आपल्या कोळी बांधवांच्या मागील पिढीला समुद्रात दिशा शोधण्यासाठी कोणतेही यंत्र ठाऊक नव्हते. दिवसा तुंगारेश्वरच्या डोंगराची आणि किनाऱ्यावरील खुणांची ओळ जुळवायची, रात्री ताऱ्यांकडे पाहायचे आणि दोरीला शिसे बांधून किती वाव पाणी आहे ते मोजायचे, ही तांडेलाची विद्या होती. ती आजही मोलाची आहे. परंतु मासळी दूर गेली, बोटी अधिक खोल पाण्यात जाऊ लागल्या आणि किनारा दिसेनासा झाला की खुणा उपयोगी पडत नाहीत. मोबाइलही काही अंतरानंतर मुका होतो. अशा वेळी बोटीवरील इलेक्ट्रॉनिक साधनांवर खलाशांचे प्राण अवलंबून असतात.

परदेशात हौसेने मासेमारी करणाऱ्यांच्या बोटींवर ही साधने चैनीची वस्तू म्हणून बसविली जातात. आपल्याकडे तो पोटापाण्याचा आणि जिवाचा प्रश्न आहे. म्हणून कोणते साधन काय काम करते आणि ते कसे बसवावे, याची माहिती बोटमालकांनीच नव्हे, तर किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या कुटुंबीयांनीही करून घेणे हिताचे आहे.

जीपीएस : आपण कोठे आहोत?

जीपीएस संच उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपले अक्षांश व रेखांश सांगतो. वसई किल्ल्याचा परिसर सुमारे १९ अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १८५२ मीटर. डोल जाळ्याची जागा, खडक, बुडालेले जहाज, बंदरात शिरण्याचा मार्ग या सर्व जागा संचात साठवून ठेवता येतात.

येथे एक चूक वारंवार संभवते. बहुतेक संच मिनिटांचा दशांश दाखवितात. २०.५० मिनिटे याचा अर्थ २० मिनिटे ३० सेकंद असा आहे. घाईत कोणी ते '२० मिनिटे ५० सेकंद' असे कळविले, तर शोधपथक सहाशे मीटरहून अधिक अंतरावर जाईल. काळोखात व उसळत्या लाटांत पाण्यात पडलेल्या माणसासाठी हे अंतर फार मोठे आहे. म्हणून आकडे जसे दिसतात तसेच, 'दशांश' हा शब्द उच्चारून सांगावेत. माणूस पाण्यात पडल्यास दाबावयाचे बटण अनेक संचांवर असते. ते दाबताच त्या क्षणीची जागा नोंदली जाते. प्रत्येक खलाशाला हे बटण अंधारातही सापडले पाहिजे.

मासे व खोली दाखविणारे यंत्र

बोटीच्या तळाशी बसविलेला 'ट्रान्सड्यूसर' पाण्यात ध्वनिलहरी सोडतो व तळावरून वा माशांच्या थव्यावरून परतलेला प्रतिध्वनी टिपतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत आला, तर जाऊन-येऊन ६० मीटर प्रवास झाला, म्हणजे खोली ३० मीटर. ५० किलोहर्ट्‌झची लहर खोलवर व रुंद पसरते. २०० किलोहर्ट्‌झची लहर अरुंद असते, परंतु बारकावे स्पष्ट दाखविते. आपल्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी दुसरी अधिक सोयीची आहे.

ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर, बुडबुडे येणार नाहीत अशा जागी असावा. पाण्यातील हवा ध्वनी अडविते आणि पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. भरीव फायबरच्या बोटीत तो आतून चिकटवूनही चालतो. लाकूड मात्र ध्वनी शोषून घेते, त्यामुळे लाकडी बोटीत त्याचा पाण्याशी थेट संपर्क असावाच लागतो. त्यासाठी तळाला भोक पाडावे लागत असल्याने हे काम बोट ओढून घेतलेली असताना जाणत्या कारागिराकडूनच करवून घ्यावे.

व्हीएचएफ : हाक मारण्याचे साधन

मोबाइलवरून आपण एकाच व्यक्तीशी बोलतो. व्हीएचएफवरील हाक आसपासच्या सर्व बोटी आणि जहाजे ऐकतात. चॅनल १६ (१५६.८ मेगाहर्ट्‌झ) हा जगभर संकटाच्या हाकेसाठी राखलेला आहे. तो गप्पांसाठी वापरू नये.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे संच किती वॅटचा आहे याइतकेच अँटेना किती उंच आहे याला महत्त्व असते. दोन्ही बोटींच्या अँटेना चार मीटर उंचीवर असतील तर संपर्क सुमारे १६ किलोमीटरपर्यंत होतो. त्याच नऊ मीटरवर नेल्या तर तो सुमारे २४ किलोमीटरपर्यंत वाढतो. डोलकाठीचा शेंडा ही अँटेनाची योग्य जागा होय. संच बसविण्यासाठी दूरसंचार खात्याचा परवाना आवश्यक असतो, हेही ध्यानात ठेवावे.

संकटात 'मेडे' हा शब्द तीनदा उच्चारावा. त्यानंतर बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, जागा, काय घडले आणि बोटीवर किती माणसे आहेत, हे याच क्रमाने सांगावे. हा मजकूर मराठी व हिंदीत लिहून संचाशेजारी चिकटवून ठेवावा. भयाच्या क्षणी पाठांतर साथ देत नाही.

एआयएस, डीएटी आणि ट्रान्सपॉन्डर

मुंबई व न्हावाशेवा बंदरांकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांना रात्री लहान बोट सहज दिसत नाही. एआयएस यंत्र आपली ओळख, जागा, दिशा व वेग आपोआप प्रसारित करते आणि जहाजाच्या पडद्यावर आपली बोट उमटते. मात्र यंत्र आहे म्हणून दिवे न लावणे वा पहाऱ्याला माणूस न ठेवणे हा आत्मघात ठरेल.

व्हीएचएफच्या टप्प्यापलीकडे उपग्रहाचाच आधार असतो. इस्रोने विकसित केलेले डीएटी हे संकटसूचक यंत्र २०१०पासून वापरात आहे. त्याचे बटण दाबल्यावर संदेश उपग्रहामार्फत तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्रापर्यंत जातो. जुन्या यंत्रात एक उणीव होती. आपली हाक पोहोचली की नाही, हे बुडत्या माणसाला कळत नसे. २०२४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात पोच मिळण्याची सोय झाली आहे.

नोव्हेंबर २०१७ मधील ओखी वादळात तिरुवनंतपुरम व कन्याकुमारी येथील अनेक मच्छीमार, ज्यांत आपले कॅथलिक बांधव मोठ्या संख्येने होते, परत आले नाहीत. जे आधीच खोल समुद्रात गेले होते, त्यांच्यापर्यंत वादळाचा इशारा पोहोचविण्याचे साधनच नव्हते. ही उणीव भरून काढणारी योजना आपल्याच जिल्ह्यात जाहीर झाली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, पंतप्रधानांनी देशातील एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. सुमारे ३६० कोटी रुपयांच्या या योजनेतील यंत्राद्वारे दोन्ही बाजूंनी संदेश पाठविता येतो. वादळाचा इशारा बोटीपर्यंत येतो आणि आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आल्यास सूचनाही मिळते. गुजरातच्या बोटींवर काम करणाऱ्या पालघरच्या खलाशांना सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानी तुरुंगात दिवस काढावे लागले आहेत, हे लक्षात घेता या सूचनेचे मोल सांगावयास नको. वाढवण बंदराबद्दल मच्छीमार समाजाच्या मनात तीव्र चिंता आहे, तो स्वतंत्र विषय होय. सुरक्षिततेचे साधन मात्र आपण आपल्या जिवासाठी घ्यावयाचे आहे. त्याची चौकशी आपल्या मच्छीमार सहकारी संस्थेत वा मत्स्यव्यवसाय विभागाकडे करावी. परदेशी उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणे आपल्या देशात बेकायदा आहे, याचीही नोंद घ्यावी.

बॅटरी आणि वायर

यंत्रे उत्तम असूनही वीजपुरवठा सदोष असेल तर सर्व व्यर्थ. जीपीएस व खोली दाखविणारे यंत्र मिळून तासाला सुमारे एक अँपिअर आणि ऐकण्याच्या स्थितीतील व्हीएचएफ अर्धा अँपिअर घेतो असे धरले, तर चोवीस तासांत ३६ अँपिअर-तास खर्च होतात. साध्या बॅटरीची निम्मीच क्षमता वापरावी. म्हणून ७५ ते १०० अँपिअर-तासाची स्वतंत्र बॅटरी या साधनांसाठी ठेवावी, म्हणजे इंजिन बंद ठेवून रात्र काढली तरी सकाळी इंजिन सुरू करणारी बॅटरी भरलेली राहील.

व्हीएचएफवर बोलताना २५ वॅटचा संच पाच-सहा अँपिअर ओढतो. वायर बारीक असेल वा जोड गंजलेला असेल तर संच ऐकतो, परंतु बोलण्याचे बटण दाबताच बंद पडतो. अशा संचाचा दिवा बंदरात नीट पेटतो, म्हणून तो ठीक आहे असे वाटते. यासाठी कथिलाचा मुलामा दिलेली जाड तांब्याची वायर वापरावी, बॅटरीजवळच फ्यूज बसवावा आणि दर सफरीपूर्वी प्रत्यक्ष बोलून पाहावे. ध्वनिवर्धक होकायंत्रापासून किमान एक मीटर दूर ठेवावा, कारण त्यातील चुंबक सुई विचलित करतो. होकायंत्र मात्र काढून टाकू नये. बॅटरी संपली तरी ते दिशा दाखवीतच राहते.

बंदीचा काळ, तयारीचा काळ

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर असतात, जाळी विणली जातात, रंगरंगोटी होते. त्याच दिवसांत ही साधने तपासावीत, डीएटीच्या बॅटरीची मुदत पाहावी आणि तरुण खलाशांना सराव द्यावा. बोट कोणत्या दिशेने व किती दिवसांसाठी निघाली, हे घरी लिहून ठेवावे. तटरक्षक दलाचा १५५४ हा संकटकालीन क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा. बोट ठरलेल्या वेळी परतली नाही तर पहिली हाक बहुधा घरूनच जाते, आणि ती जितकी लवकर जाईल तितका शोध सोपा होतो.