मुक्त ग्रंथसंचार

वाचून झालेले पुस्तक उद्यान, बसस्थानक, रेल्वेचा डबा, उपाहारगृह इ. सार्वजनिक ठिकाणी अनोळखी वाचकाच्या हाती पडावे, या हेतूने ठेवून देण्याची पद्धती. ज्याला पुस्तक सापडेल त्याने ते वाचावे व पुन्हा अन्यत्र ठेवावे, अशी अपेक्षा असते. वर्गणी, अनामत रक्कम व परतीची मुदत यांचा अभाव हे तिचे प्रमुख लक्षण होय.

या पद्धतीला संघटित रूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्राप्त झाले. रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ मध्ये ‘बुकक्रॉसिंग’ हा उपक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक देतात. पुस्तक सापडल्याची नोंद संकेतस्थळावर झाली, म्हणजे त्याचा प्रवास कळतो. २००९ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील हडसन येथे टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळागृहाच्या आकाराची पुस्तकपेटी घरासमोर उभारली. ‘लिटल फ्री लायब्ररी’ या चळवळीचा उगम त्यातून झाला. भारतात २०१७ पासून दिल्लीच्या मेट्रो रेल्वेत पुस्तके ठेवण्याचा प्रयोग झाला.

वाचकाने ग्रंथापर्यंत येण्याऐवजी ग्रंथानेच वाचकाकडे जावे, ही कल्पना मात्र जुनी आहे. सयाजीराव गायकवाड यांच्या बडोदे संस्थानात फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगावी जात. शि. रा. रंगनाथन् यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, असे आहे. नासिक येथे कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकगटाकडे देतात व ठराविक काळानंतर गटागटांत पेट्यांची अदलाबदल करतात.

मुक्त संचारात पुस्तक पावसात भिजणे, रद्दीत जाणे किंवा ती भाषा न येणाऱ्याच्या हाती पडणे हे धोके संभवतात. शिवाय बेवारस वस्तूला हात लावू नये, अशी सूचना रेल्वेस्थानकांवर वारंवार दिली जात असल्याने सापडलेले पुस्तक उचलण्यास प्रवासी कचरतात. पुस्तक वाचकासाठीच ठेवले आहे, असा ठळक मजकूर त्यावर असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील मोहल्ला ग्रंथालये ही या पद्धतीला जवळची, परंतु अधिक स्थिर अशी व्यवस्था होय. करोनाच्या साथीत शाळा बंद असताना जानेवारी २०२१ मध्ये एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने व ‘रीड अँड लीड फाउंडेशन’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांचा प्रारंभ झाला. पुढे वस्त्यावस्त्यांतून अशी तीसहून अधिक बालग्रंथालये उभी राहिली. शहरातील मोठ्या ग्रंथालयापर्यंत एकट्याने जाणे लहान मुलाला शक्य नसते. गल्लीतील पुस्तकांपर्यंत ते चालत जाते. येथे वाचक अनोळखी नसून शेजारचा असतो. त्यामुळे पुस्तकाची देखभाल होते व ते परत येण्याची शक्यता वाढते.

ग्रंथालयाच्या दृष्टीने परत न आलेले पुस्तक ही हानी असते. मुक्त संचारात ते कोणाच्या तरी घरी वाचले जात असेल, तर हेतू सफल झाला असे मानतात. तथापि विशिष्ट ग्रंथ हवा असलेल्या अभ्यासकाची गरज योगायोगावर अवलंबून असलेली ही पद्धती भागवू शकत नाही. ती सार्वजनिक ग्रंथालयाला पूरक आहे, पर्यायी नव्हे.