साखळीने मोजलेला मुलूख

नकाशा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वर्गातील भिंतीवर टांगलेला रंगीत पट उभा राहतो. निळा समुद्र, तपकिरी डोंगर, ठिपक्यांनी दाखविलेली शहरे हे सारे एका दृष्टिक्षेपात सामावते. आणि म्हणूनच की काय, हे कोणी कधी पायी चालून मोजले असेल हा विचार आपल्या मनाला शिवत नाही. परंतु विमाने व छायाचित्रण यांचा शोध लागण्यापूर्वी नकाशातील प्रत्येक खऱ्या रेघेमागे कोणाची तरी पायपीट असे. तिची कल्पना यावी म्हणून अठराव्या शतकातील एका लष्करी नकाशाची हकीकत आम्ही येथे देत आहोत. हा नकाशा स्कॉटलंड देशाचा होय.

१७४५ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागात पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने मोठे बंड झाले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर सरकारी सैन्याने ते मोडून काढले. पराभूत लोक दऱ्याखोऱ्यांत पांगले. त्यांचा पाठलाग करताना सरकारी सेनापतींना एक गोष्ट कळून चुकली, ती ही की, या मुलखाचा विश्वासार्ह नकाशाच त्यांच्यापाशी नाही. खिंड कोठे आहे, नदीला उतार कोठे आहे, तोफांचे गाडे कोणत्या वाटेने जातील, यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. तेथील रहिवाशांना विचारावे, तर त्यांतील कितीतरी जण बंडवाल्यांचे सोयरे! तेव्हा डेव्हिड वॉटसन या लष्करी अधिकाऱ्याने सबंध प्रदेशाची मोजणी करण्याची योजना पुढे मांडली आणि १७४७ साली तिला आरंभ झाला. प्रत्यक्ष काम ज्याच्यावर सोपविले, तो विल्यम रॉय त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा असून सैन्यात दाखलही झालेला नव्हता.

प्रारंभी रॉय एकटाच मोजणीदार होता. पुढे सहा तुकड्या झाल्या. प्रत्येक तुकडीत एक मोजणीदार, एक हवालदार दर्जाचा शिपाईगडी आणि सहा सैनिक असत. एकाने उपकरण वाहावयाचे, दोघांनी साखळी धरावयाची, दोघांनी पुढील व मागील टोकांवर खुणेसाठी उभे राहावयाचे आणि उरलेल्या एकाने इतर चाकरी करावयाची, अशी कामाची वाटणी होती.

मोजणीची रीत पुढीलप्रमाणे होती. मोजणीदार रस्त्याच्या वा नदीच्या काठाने निघे. त्याच्या उपकरणात होकायंत्र बसविलेले असे व त्यावर नेम धरण्याच्या पट्ट्या असत. पुढे उभ्या असलेल्या माणसावर नेम धरून तो दिशेचा कोन वाची. मग तेथपर्यंतचे अंतर सुमारे ५० फुटी साखळीने मोजले जाई आणि दोन्ही आकडे टिपणवहीत उतरत. एक मैल पुढे जावयाचे, तर ही साखळी शंभराहून अधिक वेळा अंथरावी लागे! वाटेच्या दोन्ही अंगांची घरे, शेते व झाडी जागोजागी नेम धरून किंवा नजरेच्या अजमासाने टिपली जात. दूरचे डोंगर तर केवळ पाहूनच काढलेले असत.

उन्हाळा असा रानावनांत जाई. हिवाळ्यात सर्व टिपणे एडिंबरोच्या चित्रशाळेत येत व तेथे १००० यार्डांस एक इंच या प्रमाणाने कागदावर उतरविली जात. म्हणजे जमिनीवरचा एक मैल कागदावर पावणेदोन इंच भरे. घरे तांबडी, पाणी निळसर हिरवे, वनराई हिरवी, लागवडीची जमीन पिवळी, असे रंग ठरलेले होते. चढउतार दाखविण्यासाठी करड्या रंगाचे हात फिरवीत. या कामावर पॉल सँडबी नावाचा तरुण होता. पुढे तो इंग्लंडमधील नामांकित चित्रकार झाला.

फ्रान्सशी युद्धाचे ढग जमू लागले आणि १७५५ साली हे काम थांबले. मुख्य भूमीची मोजणी झाली होती, बेटे मात्र राहून गेली. दक्षिण भागाची स्वच्छ प्रतही तयार झाली नाही.

आता या नकाशाचे गुणदोष पाहू. येथे प्रत्येक नवी रेघ मागल्या रेघेच्या टोकावर उभी होती. त्यामुळे आरंभी झालेली लहानशी चूक पुढे पुढे वाहत जाई व नव्या चुका तिच्यात मिळत. एकेका खोऱ्याचे चित्र बरेच खरे उतरले, तरी साऱ्या देशाचा आकार बिघडला. दुसरी उणीव नावांची. त्या डोंगरांत गेलिक भाषा नांदत होती व मोजणीदारांना ती फारशी अवगत नव्हती. कानांवर जे पडले ते त्यांनी आपल्या इंग्रजी वळणाने लिहिले आणि कित्येक गावांची नावे मोडक्या रूपात कागदावर आली. जो मुलूख मोजतो, त्याला तेथील बोलीही समजली पाहिजे, हा धडा यातून मिळतो.

रॉयला आपल्या कामाची मर्यादा पुरती ठाऊक होती. हा काटेकोर नकाशा नसून लष्करी उपयोगाचे एक भव्य रेखाटन आहे, असा अभिप्राय त्याने स्वतः १७८५ साली नमूद केला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनजवळील हाउन्स्लोच्या माळावर त्याने पाच मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा काचेच्या नळ्यांनी अत्यंत काळजीपूर्वक मोजली होती. अशी एकच बाजू नीट मोजावी व पुढे केवळ कोन मोजून त्रिकोणांचे जाळे विणावे, म्हणजे चुकांना आळा बसतो. १७९० साली रॉय निवर्तला व पुढल्याच वर्षी ब्रिटनच्या राष्ट्रीय मोजणीचा पाया घातला गेला. हीच त्रिकोणमापनाची पद्धत घेऊन विल्यम लॅम्ब्टन याने १८०२ साली मद्रासेजवळ आधाररेषा मोजली. तो उत्तरेकडे सरकत असता १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे थडगे तेथेच आहे.

रॉयचा नकाशा आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेला आहे. ज्या लोकांना दबविण्यासाठी तो काढला, त्यांच्याच वंशजांना तो आता मोलाचा वाटतो. कारण पुढील शंभर वर्षांत जमीनदारांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी त्या डोंगरांतील असंख्य कुटुंबे उठवून लावली. कितीतरी वस्त्या ओस पडल्या. पण त्यांची तांबडी घरे आणि पिवळी शेते या कागदावर टिकून राहिली.

विद्यार्थिमित्रांनो, यापुढे एखादा जुना नकाशा तुमच्या हाती आला, तर केवळ गावे शोधून थांबू नका. त्यातील कोणती रेघ मोजलेली आणि कोणती अजमासाने काढलेली, तो कोणी व कोणत्या हेतूने काढविला, आणि गावांची नावे गावकऱ्यांच्या तोंडची आहेत काय, हे प्रश्न त्याला अवश्य विचारा.