भंगाराच्या यादीतून सुटलेली बोट

बंदीचे दिवस आहेत. होड्या शाकारून झाल्या, इंजिनांना ग्रीस लागलं. अशा वेळी ३३ वर्षं नांगरावर पडून राहिलेल्या एका बोटीची गोष्ट आम्हाला सांगावीशी वाटते.

अमेरिकेची मालवाहू बोट ‘जेरेमाया ओब्रायन’ जून १९४३ मध्ये मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंडला पाण्यात उतरली. जर्मन पाणबुड्या मालाच्या बोटी बुडवत होत्या. त्याहून जास्त वेगानं नव्या बांधायच्या म्हणून एकाच नमुन्याच्या २७१० लिबर्टी बोटी काढल्या, त्यातलीच ही एक. लांबी ४४१ फूट, वाफेचं इंजिन २५०० घोड्यांचं आणि वेग जेमतेम ११ नॉट.

एवढ्या वेगात पाणबुडीपासून पळणार कुठे? म्हणून ताफ्यानं जायचं. रांगा धरून मालाच्या बोटी, भोवती युद्धनौका, रात्री दिवे बंद. वेग ठरायचा सगळ्यात संथ बोटीवरून. धुक्यात प्रत्येक बोट मागे दोरानं एक बोया ओढायची, तो पाण्याचा फवारा उडवायचा. मागच्यानं त्या फवाऱ्यावर नजर ठेवून सुकाणू धरायचं. दाट धुक्यात मासेमारी केलेल्यांना यातली धास्ती वेगळी सांगायला नको.

ओब्रायननं अटलांटिकच्या अशा फेऱ्या केल्या आणि १९४४ मध्ये इंग्लंडहून नॉर्मंडीच्या किनाऱ्याला माल-माणसं पोचवत ११ खेपा मारल्या. पुढे ती पॅसिफिकमध्ये गेली, भारतातही येऊन गेली.

१९४६ मध्ये तिला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सुसून खाडीत उभी केली. शेजारच्या बोटी एकेक करून भंगारात गेल्या. पण थॉमस पॅटरसन नावाचे सरकारी सर्वेक्षक हिचं नाव दरवेळी यादीत खाली ढकलत राहिले. इंजिन शाबूत होतं, बोटीत फारसे फेरफारही झाले नव्हते. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी बॉयलर पेटवला आणि कुणी न ओढता, स्वतःच्या वाफेवर ती खाडीबाहेर पडली.

१९९४ मध्ये तर ती पनामा कालव्यातून परत नॉर्मंडीला गेली. खलाशी बहुतेक सत्तरीचे म्हातारे! ‘टायटॅनिक’ सिनेमात दिसणारं चालू इंजिनही हिचंच.

मे २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ४५ नंबरच्या धक्क्यावर तिच्या बाजूच्या शेडला पहाटे आग लागली. अग्निशामक बोटीनं पाणी मारून तिला वाचवलं. त्या शेडमध्ये तिथल्या मच्छीमारांचं सामान होतं, खेकड्यांचे हजारो पिंजरे. ते सगळे जळाले.