खालची पट्टी सुटते आहे

शीव-वांद्रे जोडरस्त्यावरच्या दुकानांच्या काचा लखलखीत आहेत. आत एसी, भिंतीभर जॅकेटं, पर्सा, कमरेचे पट्टे. दोन दुकानांच्या मधे फट आहे हे आधी लक्षातच येत नाही. मग चामड्याची गुंडाळी खांद्यावर घेतलेला एक हमाल तिरका होतो आणि भिंतीत शिरल्यासारखा दिसेनासा होतो. आपणही तिरकं व्हायचं.

आत धारावी. मे महिना, दुपारचे दोन. गल्ली दोन माणसांची, त्यात एक सायकल उभी. डोक्यावर वायरींची जाळी, पायाखाली गटारावरच्या डुगडुगणाऱ्या लाद्या. वास दर दहा पावलांना बदलतो. साबणाचा भपका, तळणीचं तेल, मग अचानक चामडं. कमावलेल्या चामड्याचा वास कुबट नसतो. गोडसर असतो, थोडा औषधी. इथे आता चामडं फारसं कमावलं जात नाही. ते चेन्नईकडून येतं, कानपूरहून येतं, कोलकात्याहून येतं. इथे ते कापलं आणि शिवलं जातं.

गाळा खाली बारा फूट असेल. खाली कापणी, वर पोटमाळ्यावर शिलाई. वर जायला लोखंडी शिडी, जवळजवळ उभी, धरायला वरून लोंबणारा दोर. दोर हातांच्या घामानं काळा झालेला. पोटमाळ्यावर उभं राहता येत नाही, वाकूनच चालायचं. डोक्यापासून वीतभर अंतरावर पत्रा तापलेला. चार मशीनं, चार स्टुलं, एक पंखा. पंख्याचं तोंड मुद्दाम भिंतीकडे वळवलंय. वारा सुलोशनच्या डब्यावर आला की सुलोशनवर साय धरते आणि मग ते चिकटत नाही. म्हणून वारा भिंतीला, घाम माणसांना.

तीन मशीनं चालू आहेत. चौथं थांबलंय. त्याच्या आवाजाची जागा रिकामी जाणवते.

थांबलेल्या मशीनवर मामा बसलेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात, शेठसुद्धा. सोलापूरकडचे, साठीला आलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर बायकांच्या खांद्यावरच्या पर्सा, तपकिरी, तळाचे दोन कोपरे गोल. पर्सेच्या कडेला गोट बसवायचाय. पुढचा भाग, बाजूचं गसेट आणि आतलं अस्तर एकत्र येतात तिथे कच्च्या कडा दिसतात. त्या झाकायला चामड्याचीच पातळ पट्टी कडेवरून दुमडून एकाच टाक्यात वर-खाली शिवायची. ब्लाउजच्या गळ्याला गोट लावतात तेच काम. फरक एवढाच की कापडात चुकलेला टाका उसवता येतो. चामड्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं राहतं.

मामा एक पर्स उलटी करून दाखवतात. वरून टाका सरळ, एकसारखा, इंचाला सात. खालून बघावं तर गोल कोपऱ्यावर दोन बोटं लांबीत पट्टी मोकळी. नखानं उचलली की उचलते.

“सकाळपासून अकरा पर्सा अशाच गेल्या,” मामा म्हणतात. “सरळ कडेला काही नाही. कोपरा आला की खालची पट्टी सुटते.”

“सुई बदलली का?” खालून शेठचा आवाज येतो.

सुई हा इथला पहिला संशयित. काहीही बिघडलं की सुई बदला. मामांनी बदललीये. आता जवळच्या सुया संपल्या, म्हणून हाताखालच्या पोराला धाडतात. मिस्त्रीला फोन झालाय, तो “दहा मिनिटांत” येणार आहे. दहा मिनिटांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असल्यानं पोरगा निवांत शिडी उतरतो. आपणही त्याच्यामागून.

नव्वद फुटी रस्त्यावर ऊन सपाट पडलंय. सुट्या भागांच्या दुकानासमोर सहा-सात जण उभे. रांग म्हणावी तर रांग नाही, पण कोण कोणाच्या आधी आला हे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे. कोणाच्या मुठीत तुटलेला स्प्रिंग, कोणाकडे झिजलेले दाते रुमालात गुंडाळलेले. नाव सांगता येत नसलं की वस्तूच पुढे करायची. दुकानदार ती उजेडात धरतो, मागे वळतो, दीडशे खणांतला नेमका खण ओढतो.

“एकशे पस्तीसची, एकोणीस नंबर,” पोरगा म्हणतो.

“कापडाची की चामड्याची?”

पोरगा गप्प. दुकानदार दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवतो. दहा-दहा सुयांची. 135×17 ही कापडाची, टोक गोल, धाग्यांना बाजूला सारत जाते. 135×16 ही चामड्याची, टोक धारदार, कापत जाते. लांबी तीच, जाडी तीच, आणि मशीनला दोन्ही बसतात. पोरगा 16ची उचलतो. पुढच्या गिऱ्हाईकाचा कोपर आधीच काउंटरवर टेकलाय.

परत येताना एका चामड्याच्या दुकानाच्या पायरीवर आख्खं कातडं उन्हात पसरलंय. मागच्या बाजूला चौरस फुटांचा आकडा शिक्क्यानं मारलेला. म्हशीचं आहे. मार्च 2015मध्ये राज्यातल्या गोहत्याबंदीत बैल आणि वळूही आले, तेव्हापासून या गल्ल्यांमध्ये म्हैस आणि बकरा यांचाच जोर. दुकानदार कातड्यावर हात फिरवत गिऱ्हाईकाला कण्याची बाजू दाखवतोय. पोटाकडची बाजू तो दाखवत नाही.

पोटमाळ्यावर नवी सुई चढते. मामा एक तुकडा चालवतात. कोपऱ्यावर पट्टी सुटते.

चहा येतो. काचेचे ग्लास पकडीत, कटिंग. शेजारचं मशीन एकसारखं गुणगुणतंय. त्याला जुनी क्लच मोटर आहे, शिवण चालू असो वा नसो ती फिरतच राहते. मामांच्या मशीनला सर्व्हो आहे, पाय ठेवला तरच फिरते आणि हवी तितकी हळू फिरते. गोटाच्या कामाला हळूच बरं. वाट पाहताना मामा चाक हातानं उगाच पुढे-मागे करतात. आतला पाय सुईबरोबर खाली येतो, खालचे दाते वर येतात, तिघं मिळून चामडं एक टाका मागे ओढतात. तोवर बाहेरचा पाय उचललेला असतो, मग तो खाली येऊन माल दाबून धरतो आणि आतला पाय उचलून पुढे जातो. मग पुन्हा. म्हणून याला वॉकिंग फूट. साध्या मशीनवर वरचा थर मागे राहतो आणि खालचा पुढे पळतो. इथे सगळे थर बरोबर चालतात. निदान चालायला हवेत.

तासाभरानं मिस्त्री येतो. खांद्याला रेक्झिनची पिशवी, कपाळाला घाम. बसत नाही. पिशवीही उघडत नाही.

“मामा, टाका उडतोय का पट्टी सुटतेय?”

“खालून उघडं राहतंय ना.”

“ते वेगळं. बघू.”

मोबाइलचा टॉर्च लावून तो पर्सेचा मोकळा कोपरा डोळ्यांजवळ नेतो. हे थोडं जवळून बघण्यासारखं आहे. पट्टी उचलल्यावर तिच्याखाली, गसेटच्या चामड्यावर, टाके दिसतात. एकही चुकलेला नाही. वरचा दोरा आणि खालचा दोरा नीट अडकलेले. म्हणजे सुईनं फास बरोबर धरलाय, हुकानं तो उचललाय, ताण ठीक आहे. टाका पडलाय, पण पट्टीत पडलेला नाही. पट्टीची कड तिथपर्यंत पोचलीच नाही.

टाका उडत असता तर मिस्त्रीचं काम लांबलं असतं. सुई वाकते का, पायाचा दाब कमी पडून चामडं सुईबरोबर वर उचलतं का, हुकाचं टोक वेळेवर येतं का. तरी तो सवयीनं पट्टी काढून चाक फिरवतो. सुई अगदी खाली जाते, तिथून दोन-अडीच मिलिमीटर वर येते, आणि हुकाचं टोक सुईच्या भोकाच्या किंचित वर, पाठीमागे येऊन थांबतं. “टायमिंग बरोबर आहे,” तो म्हणतो. टायमिंगला हात न लावणारा मिस्त्री मला नेहमीच भरवशाचा वाटतो.

आता तो फोल्डरकडे वळतो. सुईच्या अलीकडे बसवलेला हा वळवलेला पत्रा, चणेवाल्याच्या कागदी पुडीसारखा. बाजूनं सपाट पट्टी आत जाते, तोंडातून ‘यू’ आकारात दुमडून बाहेर येते, आणि पर्सेची कड त्या ‘यू’च्या पोटात धरायची. फोल्डरचं तोंड आणि सुई यांच्यात बोट जाईल एवढी जागा आहे. तेवढ्या अंतरात दुमडलेली पट्टी पुन्हा उमलते. मिस्त्री दोन स्क्रू सैल करतो, फोल्डर पुढे सरकवतो, पायाला घासणार नाही इतपत, आणि आवळतो. फोल्डरच्या तोंडात पावडरचं बोट फिरवतो, चामडं अडकू नये म्हणून.

मामा चालवतात. पहिला कोपरा नीट. दुसरा कोपरा, जिथे चेनचं टोक दाबलेलं आहे, तिथे पुन्हा सुटतो. थोडासाच, पण सुटतो.

मिस्त्री आता खाली बसतो.

पिशवीतून व्हर्नियर निघतो. पट्टी मोजतो, 22 मिलिमीटर. पर्सेची कड मोजतो, 3. चेनच्या टोकाशी कड 6. पेन्सिलनं मशीनच्या टेबलावरच आकडे मांडतो. 22तून 3 गेले, उरले 19, म्हणजे वर-खाली साडेनऊ-साडेनऊ. टाका कडेपासून साडेसातवर. दोन मिलिमीटर पट्टी टाक्याच्या पलीकडे राहते, छान. चेनपाशी 22तून 6 गेले, राहिले आठ-आठ. टाक्यापलीकडे अर्धा मिलिमीटर.

“अर्धा तरी आहे ना?” मामा.

मिस्त्री उत्तर देत नाही. पट्टीचा हातभर तुकडा दोन्ही हातांत धरतो आणि ताणतो, कोपरा वळवताना मामांचा डावा हात ताणतो तेवढाच. ती रबरासारखी लांबते. ताणलेली असतानाच पोराला मोजायला लावतो.

“साडेवीस,” पोरगा म्हणतो.

साडेवीसमधून सहा गेले की सव्वासात-सव्वासात. टाका साडेसातवर. हिशोब टेबलावर संपतो. मामा चष्मा काढून पुसतात.

सगळे शिडीनं खाली. कापणीच्या टेबलावर कातडं पसरलेलं, त्यावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवून आखणी केलेली. कापणारा राप्या घासतोय. कण्याच्या दोन्ही बाजूंना झाकणाचे आणि पुढच्या भागाचे नमुने दाटीनं. तिथलं चामडं घट्ट, एकसारखं, महाग. पोटाकडे आणि पायांकडे नमुने नाहीत. तिथून पट्ट्या निघतात. पोटाचं चामडं सैल असतं, ओढलं की येतं. त्याला कंजुषी म्हणणं सोपं आहे. चौरस फुटांवर माल घेणाऱ्या माणसाला पोटाचा भागही त्याच भावात मिळालेला असतो.

“आधीच्या मालाला पट्टी कुठून काढत होता?” मिस्त्री विचारतो.

“ते बकऱ्याचं होतं,” कापणारा म्हणतो.

शेठ गल्ल्यावरून उठून येतात. आकडे त्यांना वरून ऐकू आलेच होते. “म्हणजे बाइंडिंगसाठी मी पाठ कापू?”

“पाठ नको. कुल्ल्याकडून काढा, कण्याला समांतर. आणि 24ची काढा.”

“फोल्डर 22चा आहे.”

“24चा मिळतो.”

“आज?”

पोरगा चप्पल घालायला लागतो. शेठ त्याला हातानं थांबवतात आणि पुठ्ठ्याचा झाकणाचा नमुना उचलून कातड्यावर इकडे-तिकडे सरकवून बघतात. एका झाकणाच्या जागेत पट्ट्या सात बसतात. पर्सेला एक पट्टी लागते, जोड न देता. उद्या संध्याकाळी साठ पर्सा द्यायच्यात, त्यातल्या अकरा आत्ताच वाया.

“वाया नाहीत,” मामा म्हणतात. “पट्टी काढून टाकू. रुंद पट्टी बसली तर टाका मिलिमीटरभर आत घेता येईल, जुनी भोकं झाकली जातील.”

“चेनचं टोक कोणी तासलं का?” मिस्त्री मधेच विचारतो. कोणी बोलत नाही. तो पर्सेचा कोपरा अंगठ्यानं चाचपतो. चेनची कापडी पट्टी तिथे दुहेरी दुमडून शिवलेली आहे. शेवटचे दोन दात काढून ती एकेरी केली तर 6चे साडेचार होतील.

शेठ पोराकडे पाहतात. “चोवीसचा फोल्डर आण. आणि येताना अर्धा डझन छोट्या पकडी.”

मिस्त्री पैशांसाठी उभा राहतो. शेठ विचारतात, मशीनचं काय केलंस? फोल्डर सरकवला, तो म्हणतो. दोन स्क्रूंचे किती, यावर बोलणी सुरू होतात, आणि ती चालू असतानाच वरून मामांचा आवाज येतो, तोपर्यंत सरळ कडा करून ठेवतो, कोपरे सोडून.