इशारा होडीपर्यंत पोचला काय?



१ ऑगस्टला बंदी उठते. त्याआधी आपण इंजिन बघतो, जाळी सांधतो. तसंच एकदा हातातल्या मोबाईलकडेही बघूया.

२०१७ चं ओखी वादळ आठवतं? नोव्हेंबरच्या शेवटी ते कन्याकुमारीच्या बाजूला उठलं. इशारा निघाला तेव्हा केरळ-तामिळनाडूच्या कितीतरी होड्या आधीच खोल दर्यात होत्या. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरच्या पुढे मोबाईलला रेंज नाही. इशारा होता, पण होडीपर्यंत गेला नाही. बरेच जण परत आलेच नाहीत. काही होड्या कशाबशा आपल्या शेजारच्या देवगडला लागल्या. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्या केरी, हरमल, मांद्रे, मोरजीलाही दर्या वर चढला, शॅकचं नुकसान झालं.

साधी वेबसाईट म्हणजे जेटीवरच्या माणसाला दर वेळी हाक मारून "काय खबर?" विचारण्यासारखं. विचारलं तरच उत्तर. सकाळी सहाला पान उघडलं आणि नऊला इशारा बदलला, तरी स्क्रीनवर सहाचंच "दर्या शांत" दिसत राहतं. जाळं ओढताना पान रिफ्रेश कोण करणार?

पुश अपडेट याच्या उलट. पान उघडं असेल तर सर्व्हरशी लाईन चालूच राहते, नवी खबर आपोआप दिसते. पान बंद असेल तर नोटिफिकेशन येतं, फोन वाजतो.

पण पुशलाही रेंज लागतेच. त्यापुढे उपग्रह हवा. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचं 'जेमिनी' यंत्र २०१९ मध्ये आलं. उपग्रहावरचा इशारा ते ब्लूटूथने मोबाईलवर दाखवतं, मात्र आपल्याला उलट निरोप धाडता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला १ लाख होड्यांसाठी ट्रान्सपॉन्डर योजना सुरू झाली. त्यावरून दोन्ही बाजूंनी निरोप जातो, संकटात मदतही मागता येते.

उद्या एखाद्या सोसायटीला स्वतःचं ॲप करायचं झालं, तर बनवणाऱ्याकडून एवढं करून घ्या:

👉 प्रत्येक खबरेवर वेळ मोठ्या अक्षरात. लाईन तुटली तर "माहिती जुनी आहे" असं लाल रंगात.

👉 रेंज परत आली की राहिलेले इशारे आपणहून यावेत. मुदत संपलेले नकोत.

👉 मासळीच्या भावाचा आवाज वेगळा, वादळाचा वेगळा. दिवसभर टिंगटिंग वाजलं तर माणूस नोटिफिकेशनच बंद करून टाकतो.

👉 कुठल्या होडीला इशारा पोचला नाही ते किनाऱ्यावर दिसावं. म्हणजे तिला व्हीएचएफवर हाक मारता येईल.

तांडेलांनो, व्हीएचएफ १६ नंबर चॅनलवर चालू ठेवा. घरच्या मंडळींनो, इशारा आला की आपला माणूस कुठे आहे त्याची चौकशी लगेच करा.

आणि एक ध्यानात असू दे. फोन वाजला नाही म्हणजे दर्या शांत आहे, असं कधीच समजू नका. 🙏