एकच मूळ कारण शोधू नका

चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत मशीन बंद पडलं की ‘व्हाय-व्हाय’चा तक्ता भरला जातो. पाच वेळा ‘का?’ विचारायचं, शेवटचं उत्तर म्हणजे मूळ कारण. टोयोटात रुजलेली ही पद्धत रोजच्या साध्या बिघाडाला पुरते. मोठ्या अपघाताला ती अपुरी पडते; तिथे फॉल्ट ट्री आणि इव्हेंट ट्री या पद्धती लागतात.

गैरसमज : फॉल्ट ट्री म्हणजे मोठ्या कागदावरचं व्हाय-व्हाय.

वस्तुस्थिती : व्हाय-व्हाय बहुधा एकाच साखळीने मागे जातं. १९६१-६२च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये मिनिटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण-नियंत्रणासाठी फॉल्ट ट्री तयार झाला, तो अपघाताची वाट न पाहता. नको असलेली घटना वर मांडायची आणि ती घडायला काय काय बिघडावं लागेल, ते ‘आणि’ व ‘किंवा’ या गेटांनी खाली जोडत जायचं. सगळं मर्म या गेटांत आहे.

अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुऊर्जा केंद्रात २८ मार्च १९७९च्या पहाटे दाब वाढल्याने उघडलेला व्हॉल्व्ह पुन्हा मिटलाच नाही आणि त्यातून पाणी गळत राहिलं. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र व्हॉल्व्ह मिटला की नाही हे दाखवत नव्हता. मिटण्याचा सिग्नल गेला, एवढंच सांगत होता. भट्टीत पाणी जास्त झालंय असं समजून चालकांनी आपत्कालीन पाणी कमी केलं. गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. एका साखळीने गेलात तर ‘व्हॉल्व्ह अडकला’ किंवा ‘चालक चुकले’ यांपैकी एकावर थांबाल, आणि बहुतेकदा माणसावरच. हे मला अन्यायाचं वाटतं. व्हॉल्व्ह अडकला ‘आणि’ गळती वेळेत थांबली नाही ‘आणि’ पाणी कमी केलं, असं तिन्ही मिळून ते घडलं. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात १९७७ साली व्हॉल्व्ह असाच अडकला होता. भट्टी जेमतेम ९ टक्के क्षमतेवर होती आणि गळती सुमारे वीस मिनिटांत थांबवली गेली. गाभा वाचला.

गैरसमज : इव्हेंट ट्री म्हणजे उलटा फॉल्ट ट्री.

वस्तुस्थिती : इव्हेंट ट्री सुरुवातीच्या बिघाडापासून पुढे जातो : हे संरक्षण चाललं का, नसेल तर पुढचं? अणुभट्ट्यांवरच्या १९७५च्या रासमुसेन अहवालात दोन्ही पद्धती एकत्र वापरल्या. इव्हेंट ट्रीच्या फाट्यांवरच्या शक्यता फॉल्ट ट्रीतून काढल्या.

गैरसमज : हजारात एकदा बिघडणाऱ्या दोन यंत्रणा असल्या, की धोका दहा लाखांत एक.

वस्तुस्थिती : दोघींचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तरच. अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ला हवेची गळती शोधायला धरलेल्या मेणबत्तीने फोम पेटला, सुमारे सोळाशे केबल जळल्या आणि पहिल्या भट्टीच्या आपत्कालीन शीतन यंत्रणा निकामी झाल्या. कागदावर त्या वेगवेगळ्या होत्या, केबल मात्र एकाच जागेतून गेल्या होत्या.

म्हणून शक्यतांचा गुणाकार करण्याआधी दोन्ही यंत्रणांची केबल, वीज आणि देखभाल कुठे एकत्र येते, ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहा.