मिस्साअखेरच्या सूचना

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे कॅथोलिकांची मुख्य उपासना, संपत आली, की शेवटच्या आशीर्वादाआधी एक कागद वाचला जातो. कधी फादर वाचतात, कधी धर्मग्रामाच्या मंडळातला एखादा सभासद. ऑक्टोबर असेल तर सुरुवात जपमाळेपासून होते. सोमवारी कोणत्या आळीत, मंगळवारी कोणाच्या अंगणात, किती वाजता. मग मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग, गायकवृंदाचा सराव, दफनभूमीची साफसफाई, रक्तदान शिबिर, घरी बसून असलेल्या आजाऱ्यांची नावे कळवण्याची विनंती. मधेच दोन तरुण नावे, त्यांच्या आईवडिलांची नावे, त्यांचे धर्मग्राम. हे दोघे लग्न करणार आहेत, कोणाला काही अडचण ठाऊक असेल तर फादरांना सांगावी. सगळा मामला पाच-सात मिनिटांचा. लहान मुले चुळबुळ करू लागतात, दाराशी उभे असलेले हळूच बाहेर पडतात.

तरीही एखाद्या धर्मग्रामाचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर याच कागदापासून सुरुवात करावी. चर्चची इमारत रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसते. त्या इमारतीभोवती आठवडाभर कोण कोणासाठी काय करणार आहे, ते मात्र या सूचनांतूनच कळते.

धर्मग्राम म्हणजे इंग्रजीत ज्याला पॅरिश म्हणतात तो. कॅथोलिक चर्चच्या 1983च्या धर्मसंहितेत त्याची व्याख्या आहे आणि तिच्यात इमारतीचा उल्लेखच नाही. धर्मग्राम म्हणजे ठरावीक श्रद्धावंतांचा कायमस्वरूपी समुदाय, बिशपांच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूच्या हाती सोपवलेला. सर्वसाधारणपणे त्याला भौगोलिक हद्द असते. अमुक ओढ्यापासून तमुक रस्त्यापर्यंतची कॅथोलिक कुटुंबे या चर्चची, पलीकडची त्या चर्चची. प्रमुख धर्मगुरूची काही वर्षांनी बदली होते. लोक तिथेच राहतात, आणि चर्चचा गाडा खऱ्या अर्थाने तेच ओढतात.

वसईत ही व्यवस्था रुजली त्याला साडेचारशेहून अधिक वर्षे झाली. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि किल्ल्यात व आसपासच्या गावांत चर्च उभी राहिली. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातली चर्च पुढे ओस पडली, त्यांच्या भिंती आणि कमानी आजही पाहायला मिळतात. गावांतले ख्रिस्ती लोक मात्र टिकले. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळ, कोळी, ईस्ट इंडियन अशा वेगवेगळ्या समाजांचे हे लोक मराठी भूमीचेच. घरात कोणी कादोडी बोलतो, कोणी वाडवळी, चर्चमध्ये प्रार्थना प्रमाण मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960च्या दशकात, लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. या मातीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा मराठी लेखक दिला. नंदाखालला जन्मलेले दिब्रिटो उस्मानाबादच्या 2020 मधल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 1998 मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा वसई धर्मप्रांत निघाला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले.

एखाद्या धर्मग्रामाच्या कार्यालयात गेले तर भिंतीलगतच्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या दिसतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची. एका ओळीत बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता आणि धर्ममाता, संस्काराची तारीख, धर्मगुरूची सही. उजवीकडे समासात कोरी जागा सोडलेली असते आणि नोंदवहीची सगळी खुबी त्या जागेत आहे. हे बाळ मोठे होऊन पुण्यात, दुबईत किंवा टोरांटोत लग्न करते, तेव्हा तिथल्या चर्चने त्या लग्नाची खबर या मूळ धर्मग्रामाला कळवायची असते. ती समासात त्याच ओळीसमोर लिहिली जाते. दृढीकरणाचा संस्कार झाला, कोणी धर्मगुरू झाले, कोणी सिस्टर झाली, तर त्याचीही नोंद इथेच. म्हणून लग्न ठरलेल्या मुलाला किंवा मुलीला बाप्तिस्म्याचा जुना दाखला चालत नाही, ताजा काढून आणावा लागतो. समास कोरा आहे की नाही, ते त्यावरून कळते. लग्ने आणि बाप्तिस्मे असे लिहून ठेवण्याची शिस्त ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये जगभरच्या चर्चला लावली. माणूस जगात कुठेही गेला तरी त्याची एक ओळ त्याच्या गावच्या चर्चमध्ये भरत राहते, ही कल्पना मोठी हृद्य आहे.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. संध्याकाळी आळीतली माणसे एका घरी जमतात, अंगणात मरियेची मूर्ती, दोन मेणबत्त्या, घरच्याच बागेतली फुले. जपमाळेत पाच दशके असतात. दर दशकात एकदा प्रभूची प्रार्थना आणि दहा वेळा ‘नमो मरिये’, आणि प्रत्येक दशकाबरोबर येशूच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे मनन. सगळे मिळून अर्ध्या तासाचे काम. त्यानंतर चहा होतो, आणि खरी विचारपूस तिथेच. कोणाच्या सासूबाईंचे ऑपरेशन ठरलेय, कोणाचा मुलगा परीक्षेत अडकलाय, कोणाच्या विहिरीचे पाणी खारट व्हायला लागलेय. बऱ्याच धर्मग्रामांत अशा आळ्यांचे छोटे ख्रिस्ती समूह केलेले आहेत. वर्षभर बायबलवाचन, आजाऱ्यांच्या भेटी, चर्चची झाडलोट या समूहांत वाटून दिलेली असते. या वाटणीत कोणी मोठा, कोणी लहान नाही. बँकेतून निवृत्त झालेला मॅनेजर आणि भाजीचा मळा करणारी बाई एकाच शनिवारी चर्चची फरशी पुसतात.

गरजूंना मदत करण्याचे काम अनेक ठिकाणी संत विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे असते. फ्रेडरिक ओझानाम या तरुणाने 1833 मध्ये पॅरिसमध्ये ती सुरू केली, तेव्हा तो विद्यार्थीच होता. सोसायटीची पद्धत आजही तीच आहे. सभासदांनी जोडीने गरजू घरी जायचे, बसायचे, बोलायचे, आणि मग काय लागते ते पाहायचे. औषधांची बिले, शाळेची फी, महिन्याचे धान्य. ज्याला मदत मिळते त्याचे नाव सूचनांत कधीच येत नाही. चारशे माणसांत एकाची गरज भागवायची आणि बाकीच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही, याला संस्थेची नव्हे, माणसाची समज लागते.

2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा स्मरणदिन. आधीच्या आठवड्यात माणसे खुरपी, झाडू, चुन्याची बादली घेऊन दफनभूमीत उतरतात. गवत काढायचे, क्रूस धुवायचे, नावांची अक्षरे पुन्हा रंगवायची. त्या दिवशी मिस्सा होते, फादर थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडतात, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्यांनी जागा भरून जाते. जागेची टंचाई असल्याने ठरावीक वर्षांनी तीच कबर पुन्हा वापरावी लागते. त्यामुळे एका मातीत दोन-तीन कुटुंबांची माणसे असतात आणि शेजारच्या घरातलेही आपल्याच कबरीवर फूल ठेवून जातात.

याच सुमारास, कार्तिक वद्य एकादशीपासून, निर्मळची यात्रा भरते. तिथे शंकराचार्यांचे समाधिमंदिर आहे आणि त्याच गावात होली क्रॉस चर्च. यात्रा हिंदूंची, पण वसईचे ख्रिस्ती लोक बायकामुलांसह जातात, वसईची सुकेळी विकत घेतात, पाळण्यांत बसतात. याला कोणी सर्वधर्मसमभावाचा कार्यक्रम म्हणत नाही. गावची यात्रा आहे, म्हणून जायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळ लागतो. नाताळआधीचे चार रविवार, आणि हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटते, गुलाबीची पाळी तिसऱ्या रविवारी. बाहेर दुकानांतून नाताळ केव्हाच सुरू झालेला असतो. चर्चमध्ये मात्र अजून वाट पाहण्याचे दिवस असतात, जांभळा रंग संयमाचा. सूचनांचा कागद या महिन्यात सर्वांत लांब होतो. पापनिवेदनासाठी शेजारच्या धर्मग्रामांतले फादर कोणत्या संध्याकाळी येणार, कॅरल गाणाऱ्यांची टोळी कोणत्या आळीत केव्हा पोचणार, वृद्धांसाठी स्नेहभोजन कधी, मध्यरात्रीच्या मिस्सासाठी गाड्या कुठे लावायच्या.

आणि गोठे, म्हणजे येशूजन्माचे देखावे. वसईचा नाताळ पाहायचा तर गोठे पाहावेत. तरुण पोरे आठवडेच्या आठवडे रात्री जागून बांबू, पेंढा, माती, गोणपाट, थर्मोकोलला पर्याय म्हणून कागदाचा लगदा, असे मिळेल ते वापरून बेथलेहेम उभे करतात. ते बेथलेहेम बहुधा वसईसारखेच दिसते. विहीर, केळीची बाग, कौलारू घर, मासे सुकवायला घातलेली कोळीण. एखाद्या गोठ्यात पाणीटंचाई असते, एखाद्यात कापलेली झाडे. नाताळनंतरच्या संध्याकाळी वसई-विरारचे लोक, त्यांत बरेच हिंदू आणि मुसलमान, गोठे पाहत गल्लीगल्लीतून फिरतात. घरोघरी नेवऱ्या आणि कुलकुलांच्या ताटल्या फिरत असतात.

नाताळची धामधूम सरते न सरते तोच फेब्रुवारीच्या सुरुवातीला संत गोन्सालो गार्सिया यांचा सण येतो. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन बंधू, वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकीला पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर मारण्यात आले. 1862 मध्ये पोप पायस नववे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून वसईकर त्यांचा अभिमान मिरवतात. त्यानंतर राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या, घरोघरी क्रुसामागे खोवून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या लोक परत आणून देतात. त्या जाळून त्यांची राख कपाळावर लावली जाते. ईस्टरची तारीख 21 मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेवर ठरते, त्यामुळे दरवर्षी बदलते. तिथीवर सण धरणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

हे सगळे चालायला पैसा लागतो. प्रत्येक धर्मग्रामाला वित्त समिती असलीच पाहिजे, असे धर्मसंहिताच सांगते, आणि तिच्यात श्रद्धावंतांना स्थान असते. रविवारच्या दानपेटीतला पैसा, सणाची वर्गणी, मिस्सांसाठी दिलेले दान, यांचा हिशेब ठेवावा लागतो. सहकाराची सवय या समाजाला जुनीच. बसीन कॅथोलिक को-ऑपरेटिव्ह बँक 1918 मध्ये सुरू झाली, तीही एका धर्मगुरूच्या पुढाकाराने. व्याजाच्या पाशातून शेतकरी सुटावा हा तिचा हेतू होता.

आज वसईच्या धर्मग्रामांपुढची खरी परीक्षा वेगळी आहे. पूर्वेला, स्टेशनाच्या बाजूला, इमारतींची रांग वाढत गेली. मुंबईत घर न परवडलेले गोवेकर, मंगळुरी, केरळी, तमिळ कॅथोलिक तिथे राहायला आले. त्यांना मिस्सा इंग्रजीत, कोंकणीत, मल्याळममध्ये हवी असते, आणि ती मागणी रास्त आहे. जुन्या गावांत वाड्या विकल्या जाताहेत, विहिरी आटताहेत. 1980च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसई संरक्षण समितीने पाणी आणि झाडांसाठी लढा दिला, त्यात दिब्रिटो पुढे होते आणि सभांना सर्व धर्मांचे गावकरी येत. शिकलेली मुले परदेशी जातात, घरी आईवडील राहतात. अशा घरांची यादी ज्या धर्मग्रामाने केली आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात अर्पण केलेली पवित्र भाकर, घेऊन फादर किंवा नेमलेला सेवक येतो. बरोबर दहा मिनिटे बोलायला कोणीतरी येते. ज्याने यादी केली नाही, तिथे दार वाजत नाही. मोठमोठ्या महोत्सवांवर खर्च होणारा उत्साह या यादीकडे वळला, तर छोट्या धर्मग्रामाचे बळ दुप्पट होईल, असे ठामपणे वाटते.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला हे जवळून पाहावेसे वाटले, तर त्याला कोणी अडवत नाही. मिस्साला कोणीही बसू शकते. इतर उभे राहिले की उभे राहावे, गुडघे टेकले की नुसते शांत बसले तरी चालते. ख्रिस्तशरीर मात्र स्नानसंस्कार आणि प्रथम ख्रिस्तशरीराचा संस्कार झालेल्या कॅथोलिकांसाठी असते, तेव्हा त्या रांगेत जाऊ नये. फोटो काढायचा तर आधी विचारावे. आणि शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत थांबावे, कारण सूचना त्याच्या आधी वाचतात.